बाई आणि कांद्याची फुलं

मुलगी बघायला जानेफळला गेलो, तेव्हा पोह्यांच्या बशीआधी माझ्यासमोर एक स्टीलची ताटली आली. तिच्यात जास्वंदीचं लाल फूल आणि शेजारी कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड. मला वाटलं, इकडची काही रीत असेल. आमच्या जळगाव जामोदकडे पाहुण्याला गूळ-पाणी देतात, इकडे फूल देत असतील. ब्लेडचं काय करायचं ते मात्र कळेना. दाढी तर मी करून आलो होतो.

मुलीच्या आई समोर ताठ बसल्या होत्या. पांढरी सुती साडी, जाड काचांचा चष्मा.

"उभा छेद घ्या," त्या म्हणाल्या.

मी मामाकडे पाहिलं. मामाने छताकडे पाहिलं. मी मराठीचा मास्तर. फुलं मला तोवर फक्त कवितेत भेटलेली आणि तिथं ती कापायची वेळ आली नव्हती. मी ब्लेड धरलं, देवाचं नाव घेतलं आणि फूल आडवं कापलं.

त्यांनी पदराच्या गाठीतून एक भिंग काढलं आणि माझे दोन तुकडे तपासले.

"हे लांब नळीसारखं हाये ना, याच्या पोटातून कुक्षीवृंत जातो. तो तुम्ही मधातच तोडला. आता पराग खाली अंडाशयात जाईन कसा?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

"बरं," म्हणाल्या आणि पोहे आणायला सांगितले.

परतताना एसटीत मामा म्हणाला, "हे जमत नाही. पोरगी चांगली आहे, पण मायचं काही खरं नाही." मीही मनातून सोडून दिलं होतं. आठवडा उलटायच्या आत होकार आला. पुढे बायकोने सांगितलं, माझ्याआधी एक शिकलेला मुलगा येऊन गेला होता. त्याने ब्लेडला हात न लावता फुलाचे सगळे भाग तोंडपाठ म्हणून दाखवले, फुलाकडे न बघता. त्याला नकार गेला. माझ्याबद्दल बाईंचं म्हणणं एवढंच होतं: "त्यानं माहीत नाही म्हटलं. ज्याले माहीत नाही, त्याले शिकवता येते."

तर मी अज्ञानाच्या जोरावर जावई झालो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण याहून मोठी पात्रता माझ्यात अजून कोणी काढून दाखवलेली नाही.

आमच्याकडच्या रीतीप्रमाणे सासूला मामी म्हणायचं. मी म्हणू शकलो नाही. पहिल्याच भेटीत पाठीचा कणा आपोआप सरळ झाला आणि तोंडातून "बाई" निघालं. सगळं जानेफळ त्यांना बाईच म्हणायचं. गावच्या शाळेत त्यांनी विज्ञान शिकवलं ते बापांना आणि मग त्यांच्या पोरांनाही. त्यांच्याबरोबर मेहकरला जायचं म्हणजे एक कटकटच होती. कंडक्टर तिकीट फाडायला आला की त्या चष्म्यावरून बघायच्या.

"कारे, पुंकेसराचे भाग किती?"

पन्नाशीला टेकलेला कंडक्टर, कानावर पांढरे केस, हातातलं मशीन खाली करून म्हणायचा, "दोन, बाई. परागकोश अन् वृंत."

"परागकोश काय करते?"

"पराग तयार करते."

"बस. दोन मेहकर दे."

मागच्या सीटवरचे लोक हसायचे नाहीत. आपल्यालाही विचारतील या धाकाने खिडकीबाहेर बघायचे.

शाळेत फुलांच्या प्रजननाचा धडा आला की पूर्वीचे मास्तर म्हणे तो घरी वाचायला सांगायचे. बाई आल्यावर हेडमास्तरांनी हळूच सुचवून पाहिलं, मुलं-मुली एकत्र बसतात, हा भाग घरीच वाचू द्यावा. बाई म्हणाल्या, "सर, घरी गायी-म्हशी हायेत, शेळ्या हायेत. पोरं घरून माह्यापेक्षा जास्त शिकून येतात. मी फक्त फुलाचं सांगते." आणि त्यांनी तो धडा शाळेच्या आवारातल्या धोतऱ्याच्या झुडपापाशी उभं राहून, खणखणीत आवाजात घेतला. रस्त्याने जाणारी माणसंही थांबली म्हणतात. त्यातले काही दुसऱ्या दिवशी उरलेला भाग ऐकायला आले.

घरात देव होते, पूजाही व्हायची, पण देवाला फूल वाहायचं ते बाईंना विचारून. भोपळ्याच्या वेलाचं फूल हवं असेल तर फक्त नर. "मादी तोडली तर देवाच्या नावानं भोपळा गेला," असं त्यांचं गणित. माझा सासुरवाडीचा पहिला दिवाळसण. सकाळी उत्साहाने मी वेलावरून पिवळी फुलं तोडून आणली, भजी करा म्हणून. बाईंनी एकेक फूल उलटं केलं. काही बारीक देठाची होती, ती परातीत टाकली. काहींच्या खाली बोराएवढी हिरवी गाठ होती, ती वेगळी काढली.

"जवाईबापू, ही गाठ म्हणजे काय?"

"देठ सुजला असेल."

"हा भोपळा हाये. तुम्ही एवढे भोपळे खुडून आणले."

भजी झाली, सगळ्यांनी खाल्ली. पण बाईंनी दुसऱ्या दिवशी पहाटे मला उठवून वेलापाशी नेलं. एक नर फूल तोडायला लावलं, त्याच्या पाकळ्या काढायला लावल्या आणि उरलेला पिवळा दांडा उमललेल्या मादी फुलात अलगद फिरवायला लावला. "आता याले भोपळा लागला तर तो तुमचा." लागला. पुढच्या खेपेला जळगाव जामोदला घेऊन आलो तेव्हा एसटीत मी तो मांडीवर धरला होता. कंडक्टरने त्याचं अर्धं तिकीट काढू का म्हणून विचारलं.

माणसांनाही त्या फुलांच्या भागांनी ओळखायच्या. त्यांची अकोल्याची बहीण लग्नाकार्यात भारी साड्या नेसून मधोमध बसायची. बाई म्हणायच्या, "ते दलपुंज, पाकळ्या. नुसता रंग. पण रंगाशिवाय माशी येत नाही, हेही खरं." सासरे मी पाहिले ते थोडीच वर्षं. अतिशय अबोल माणूस. बाई बोलत असल्या की ते कोपऱ्यात सुपारी कातरत बसायचे. त्यांना त्या निदलपुंज म्हणायच्या. फुलाच्या खाली जी हिरवी पानं असतात ना, ती. "कळी असते तवा तेच सांभाळतात. फूल उमललं की त्याच्याकडं कोणी पाहत नाही."

एकदा धीर करून मी विचारलं, "बाई, मग मी कोण?"

त्यांनी मला चष्म्यावरून वर-खाली न्याहाळलं. मला भीती वाटायला लागली.

"तुम्ही देठ," म्हणाल्या. "फुलाच्या भागात देठाले धरत नाहीत. पण तो हाये म्हणून फूल खाली पडत नाही."

बायकोला मी हे आजही अधूनमधून ऐकवतो. ती म्हणते, पहिलं वाक्य जास्त खरं आहे.

सासऱ्यांना विज्ञानातलं काही कळत नव्हतं, पण त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एक कांदा चालत आला होता. चपटा, फिका गुलाबी, फार मोठा नाही. बाजारात कोणी त्याला विचारायचं नाही. पण उन्हाळ्यात काढून ठेवला तर दिवाळीपर्यंत सडत नसे. त्यातले निवडक कांदे सासरे थंडीच्या सुरुवातीला पुन्हा जमिनीत लावायचे. मग त्यांना उंच दांडे यायचे, दांड्यांच्या टोकाला पांढऱ्या बारीक फुलांचे चेंडूसारखे गोंडे, आणि त्यातून उन्हाळ्यात काळं बी. त्या बियाण्याचं मोठं नाजूक असतं. कांद्याचं बी वर्षभराच्या वर धड उगवत नाही. ज्वारीसारखं कणगीत ठेवून विसरता येत नाही. एक फुलोरा हुकला की घरचा कांदा संपला.

सासरे गेल्यावर बाईंनी तो कांदा आपल्या हाती घेतला. शेत सांभाळायला त्यांचे धाकटे दीर होते. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. दोघा भावांची वावरं लागून होती, मधे एक धुरा, म्हणजे बांध. काका मेहनती, मोठ्या आवाजाचे आणि वहिनीला घाबरणारे. त्यांच्या मते वहिनींचा कांदा म्हणजे रिकामा उद्योग होता. "बियाणं दुकानात भेटते, वहिनी. पुडीवर चित्रबी राहते." बाई म्हणायच्या, "चित्राले वास येते का भाऊजी?"

धाकट्या मेहुणीचं लग्न ठरलं त्या वर्षी पावसाने साठवणीच्या चाळीतले कांदे सडवले. जुनं बीही ओल लागून गेलं. निवडून निवडून काढलेले चांगले कांदे घरामागच्या छोट्या तुकड्यात लावले. बाई म्हणाल्या, "हे एवढंच राह्यलं आता. याले बी धरलं तर ठीक." एका जुन्या विद्यार्थ्याने मधमाश्यांची एक पेटी आणून दिली होती, ती धुऱ्याजवळ ठेवली. माघात गोंडे पांढरे झाले आणि बाई सकाळचा चहा घराऐवजी तिथे उभं राहून घ्यायला लागल्या.

वडील नाहीत म्हणून कन्यादानाला काका-काकू बसणार होते. काकांनी ते फार मनावर घेतलं होतं. नवं धोतर आणलं, फेटा आणला आणि लग्नाच्या धावपळीत वावराकडे बघायला वेळ मिळणार नाही म्हणून हाताखालची सगळी कामं आधीच उरकायला घेतली. त्यांच्या वावरातल्या कांद्यावर फुलकिडे आले होते. हळदीच्या दिवशी, मांडवात माणसं जमायच्या आत, त्यांनी पाठीवर पंप घेतला आणि फवारणी करून टाकली. वारा होता. धुऱ्यापलीकडे काय चाललंय हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्यांच्या डोक्यात पुतणीचं लग्न होतं.

मी मांडवात उगाच इकडची खुर्ची तिकडे करत होतो. देठाला लग्नघरात एवढंच काम असतं. बाई वावरातून आल्या. पदराची ओंजळ केलेली. मला वाटलं, फुलं आणली. जवळ येऊन त्यांनी पदर उघडला. आत मधमाश्या होत्या, मेलेल्या. त्यांनी भिंग काढलं आणि एका माशीवर धरलं.

"पाय पाहा. पिवळे हायेत," म्हणाल्या. "कामावर होती."

तेवढ्यात काका हात झटकत आले. "चला वहिनी, एक काम निपटलं. आता मी मोकळा लग्नाले."

"भाऊजी, फवारा कवा मारला?"

"आताच. काऊन?"

बाईंनी पदर पुढे केला. काका त्या माश्यांकडे बघत राहिले. मग धुऱ्याकडे बघितलं, मग वाऱ्याने हलणाऱ्या मांडवाच्या झालरीकडे.

"म्या म्हटलं उद्या-परवा वेळ भेटत नाही..." ते म्हणाले. "पोरीच्या लग्नात मंधातच उठून जावं लागू नये म्हणून..."

"हाव. समजलं."

"दादाचा कांदा गेला का, वहिनी?"

"अजून गेला नाही."

काका ओट्यावर बसले. डोक्यावरचा गमछा काढून हातात घेतला. "उद्या मले कन्यादानाले बसवू नका. दुसऱ्या कोणाले पाहा."

आतून माझी बायको आणि नवरी दोघी बाहेर आल्या होत्या. नवरी पिवळ्या साडीत, केस मोकळे, हळदीसाठी तयार. काकांचं बोलणं ऐकून तिने डोळ्याला पदर लावला. बायको माझ्याकडे बघू लागली, जसं काही मी आता उभा राहून काहीतरी बोलणार होतो. मी खुर्ची ठेवली, एवढंच.

बाई म्हणाल्या, "उद्याचं उद्या पाहू, भाऊजी. तुम्ही साबण लावून हात धुवा. दोनदा. कपडे बदला अन् या." मग नवरीकडे वळल्या. "हळद झाकून ठेव. एकदा अंगाले लागली की तुले बाहेर जाता येत नाही. आधी वावरात चल."

घरात एक जुनी ट्रंक होती. तिच्यात सासऱ्यांची धोतरं होती, धुऊन धुऊन मलमलीसारखी मऊ झालेली. बाईंनी ती बाहेर काढली आणि टर्रकन फाडायला घेतली. बायको म्हणाली, "आई, बाबांचे हायेत ना ते." बाई म्हणाल्या, "हो. कांदेबी त्याचेच हायेत." आणि हातभर लांबीचा एकेक तुकडा आम्हा सगळ्यांच्या हातात दिला.

मग त्यांनी लग्नाला जमलेल्या माणसांना वावराच्या कडेला उभं केलं. आत्या, मावश्या, डफडेवाले, फोटोवाला, आचाऱ्याची बायको. निम्मे तरी त्यांचेच विद्यार्थी, त्यांनी आपोआप रांग धरली. बाईंनी एक गोंडा वाकवला आणि त्यातलं तांदळाएवढं एक फूल चिमटीत धरलं.

"नीट पाहा. एका गोंड्यात अशी खूप फुलं राहतात. कांद्याच्या फुलात नर आधी जागा होते. पुंकेसर बाहेर येतात, पराग सुटते. तवा मादी झोपेल राहते. ते जागी होते, कुक्षी तयार होते, तवर त्याच फुलातला पराग संपेल राहते. एकाच घरात दोघांची गाठ पडत नाही. म्हणून इकडचा पराग तिकडं न्यायले कोणीतरी लागते. ते काम माशी करत होती. आज आपण करू."

"म्हणजे लग्न जुळवाचं, बाई?" मागून डफडेवाल्याने विचारलं.

"हो. अन् तुह्या डफड्याशिवाय. ते ठेव तिकडं."

फडकं हाताला गुंडाळायचं आणि गोंड्यावरून फिरवायचं, मग पुढच्या गोंड्यावरून, मग पुन्हा मागच्या. किती दाबायचं ते बाईंनी दाखवलं: लहान लेकराच्या टाळूवरून हात फिरवतात तसं. धुऱ्यालगतच्या ओळी सोडायला सांगितल्या, तिकडे औषध उडालं होतं. ऊन चढलं की पराग सुटतो, दुपार टळली की काम संपतं, म्हणून घाई होती, पण हाताला घाई नको.

आम्ही सुरू केलं. भर लग्नघरातली माणसं कांद्याच्या ओळींमधून वाकून चाललीत, हातात फाटक्या धोतराचे तुकडे. माझ्या चष्म्यावर पिवळी भुकटी बसली, नाकात गेली. मी शिंकलो. पलीकडून बाईंचा आवाज आला, "जवाईबापू, गोंड्यापासून तोंड फिरवून शिंका. मेहनत उडवू नका." नवरी पुढच्या ओळीत होती. तिच्या पिवळ्या साडीभोवती सगळे पांढरे गोंडे. फोटोवाल्याला आपलं काम आठवलं आणि त्याने फडकं खांद्यावर टाकून फोटो काढले. त्या अल्बममध्ये पहिली काही पानं कांदेच आहेत.

काका हात धुऊन आले. सगळ्यात लांबची ओळ धरली. मान वर करत नव्हते. त्यांचा तो राकट हात गोंड्यावरून इतका हळू फिरत होता की मधूनमधून बाईंना म्हणावं लागत होतं, "भाऊजी, जरा लागू द्या त्याले."

आणि नेमक्या त्याच वेळी साखरखेर्ड्याहून जीप आली. नवरदेवाला लागलेली उष्टी हळद घेऊन मुलाकडच्या बायका आल्या होत्या. पुढे विहीणबाई. ठसठशीत बाई, हातात हळदीची वाटी झाकलेली. मांडव रिकामा. डफडी एका कोपऱ्यात पडलेली. चुलीवर भाताचं आधण एकटंच उकळत होतं. त्या घराच्या मागे आल्या आणि थबकल्या.

"आमच्या गावात नवरीले हळद लावतात," त्या म्हणाल्या. "इथं कांदे पुसतात का?"

माझ्या बायकोचा चेहरा उतरला. लग्नाच्या आदल्या दिवशी सोयऱ्यांसमोर ही शोभा. मी वाकलेलाच राहिलो, दिसू नये म्हणून.

बाई हातातलं फडकं झटकत पुढे गेल्या. "कांदे नाही विहीणबाई, फुलं. आज सकाळी माह्या माश्या मेल्या. आज नाही केलं तर बी धरत नाही. अन् नाही धरलं तर पोरीच्या बापाचा कांदा संपला. हळदीले थोडा उशीर होईन."

विहीणबाईंनी गोंड्यांकडे पाहिलं. मग आमच्या हातांकडे.

"फडक्यानं करता? नळीनं काऊन नाही करत?"

"कोणती नळी?"

"आमच्या शेडनेटात मिरचीचं क्रॉसिंग करतो ना आम्ही, हायब्रीड बियाण्यासाठी. संध्याकाळी मादी म्हणून धरलेल्या कळीचे पुंकेसर चिमट्यानं काढाचे, सकाळी नळीतला पराग कुक्षीले लावाचा. फुलाफुलाले धागा बांधाचा."

"मिरचीचं फूल एकटं राहते, विहीणबाई. इथं एका गोंड्यात भरल्या घरासारखी गर्दी. नळी किती फुलांले लावसान?"

"हाव, तेबी खरं."

विहीणबाईंनी हळदीची वाटी बरोबरच्या बाईच्या हातात दिली, पदर खोचला आणि हात पुढे केला. "द्या एक फडकं."

पुढचा तासभर त्या दोघी शेजारशेजारच्या ओळींतून बोलत चालल्या होत्या: परागकोश कधी फुटतो, ढगाळ हवेत काय होतं, चिमटा लागून कुक्षीच मोडली तर. लग्नाचं, मानपानाचं एक अक्षर नाही. देण्याघेण्याच्या ज्या दोन-तीन गोष्टींवरून आमच्याकडे आठवडाभर धाकधूक होती, त्या कोणी काढल्याच नाहीत. मी मधल्या ओळीत होतो. मला त्यातलं निम्मं कळलं नाही, पण इतकी चांगली चाललेली सोयरीक मी पुन्हा पाहिली नाही.

एका वळणावर विहीणबाईंनी लांबच्या ओळीकडे बोट केलं. "ते कोन हायेत? मघापासून वर पाहतच नाहीत."

बाई थांबल्या. काकाही थांबले. त्यांना ऐकू गेलं होतं.

"ते माहे दीर," बाई नेहमीच्या, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाणाऱ्या आवाजात म्हणाल्या. "उद्या कन्यादानाले तेच बसनार हायेत."

काकांनी मान वर केली नाही. गमछ्याने तोंड पुसलं आणि पुढच्या गोंड्याला हात घातला.

हळद दुपार कलल्यावर लागली. विहीणबाईंनी हात धुताना बाईंना विचारलं, उद्या वऱ्हाड आलं की सकाळी दोन ओळी करायच्या का. बाई म्हणाल्या, नवरदेवाले त्रास नको. नवरदेव तरी आलाच, मुंडावळ्या बांधायच्या आधी.

लग्न नीट पार पडलं. काका फेटा बांधून बसले आणि पाण्याची धार सोडली. नंतर पाहुणे गेले, मांडव उतरला, पण गोंडे सगळे एकदम उमलत नाहीत. नवी फुलं रोज येत होती. उन्हं चढली की काका हात धुऊन, फडकं घेऊन धुरा ओलांडून यायचे. ओळी करून निघून जायचे. कधी बाई नुसत्या उभ्या राहून बघत. पेटीत उरलेल्या माश्याही हळूहळू बाहेर पडायला लागल्या.

चैत्रात गोंडे वाळले. आम्ही सुट्टीला आलो होतो. बाईंनी गोंडे कापून, चोळून, पाखडून बी काढलं. ते बघून माझ्याही लक्षात आलं की थोडं आहे. आता त्यातलं भरलेलं किती आणि पोचट किती, ते बघायचं होतं. बाईंनी पितळेच्या पातेल्यात पाणी घेतलं. काका उंबऱ्यापाशी उभे होते, आत येत नव्हते. बाईंनी बी पाण्यात सोडलं आणि हाताने एकदा ढवळलं. पोचट वर आलं, बरंचसं. पाण्यावर काळी साय धरल्यासारखी. बाईंनी ती ओंजळीने काढून टाकली. पुन्हा आली, पुन्हा काढली. मग पाणी निवळलं आणि आम्ही सगळे पातेल्यावर वाकलो. तळ काळा दिसत होता.

"बसलं," बाई म्हणाल्या.

काका उंबऱ्यावरच खाली बसले.

बी कपड्यावर पसरून सावलीत वाळवलं. वाळल्यावर बाईंनी पहिली मूठ भरली आणि काकांच्या गमछ्यात बांधली. "हे तुमच्या वावरात लावा, भाऊजी. एका घरात ठेवून भागत नाही. उद्या माह्याकडंच फवारा उडाला तर?" फवारा कोणी उडवला, कधी उडवला, हे त्यांनी तेव्हा काढलं नाही आणि पुढेही कधी काढलं नाही. पण त्या वर्षापासून काका पंपाला हात लावायच्या आधी धुऱ्यावर येऊन हाक मारायचे, "वहिनी, फवारू का?" आणि बाई गोंड्यांवर भिंग धरून, माश्या बघून सांगायच्या, आज नको, किंवा संध्याकाळी मारा, माश्या घरी गेल्यावर.

बाई गेल्या त्याला आता काही वर्षं झाली. शेवटी चष्मा आणि भिंग दोन्ही लावूनही त्यांना दिसत नसे. मग त्या फूल बोटांनी ओळखायच्या, पाकळ्या बाजूला करून आतला भाग चाचपायच्या आणि बरोबर नाव सांगायच्या. मला एकदा फूल दिलं आणि डोळे मिटून सांगा म्हणाल्या. मी चुकलो. "चालते," म्हणाल्या.

घरचा कांदा आता काका लावतात, दोन्ही वावरांत. माघ लागला की जळगाव जामोदला आमच्या घरी सकाळी फोन वाजतो. बायको पोळ्या लाटत असते, म्हणून मी फोन स्पीकरवर ठेवतो.

"ताई, गोंडे पांढरे झाले. किडे पडले थोडे. फवारू का?"

"माश्या हायेत का, काका?"

"लय हायेत."

"मंग? तुमाले माहीत तर हाये."

"माहीत हाये. तरी म्हटलं, विचाराव."

"थांबा मंग. संध्याकाळी मारा."

"बरं. ऐक." आणि ते फोन गोंड्यांजवळ धरतात. आमच्या स्वयंपाकघरात घूं घूं असा आवाज भरतो. बायको लाटणं थांबवते. मी म्हणतो, रेंज गेलेली दिसते, खरखर येतेय.

"गप बसा," बायको म्हणते. "माश्या हायेत."